डाकीण कोण ठरवतो?

दोस्तहो, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात बाईला डाकीण ठरवून मारतात, गावाबाहेर काढतात. इथं असोद्यात हा विषय काढला की आपलीच शिकलेली पोरं म्हणतात, "अडाणी लोक. त्यांचं ते बघतील."

साफ खोटं! सूतगिरणीत रात्रपाळी करून जे वाचलं ते सांगतो. 1692 साली अमेरिकेत सेलमला चेटूक केलं म्हणून 19 जणांना फासावर दिलं. मुख्य न्यायाधीश स्टाउटन हार्वर्डला शिकलेला. मग अडाणी कोण? पहिलं बोट गेलं टिटुबा नावाच्या गुलाम बाईवर, एका भिकारणीवर आणि जमिनीच्या भांडणातल्या एका आजारी बाईवर. फासावर गेले ते "मी नाही केलं" म्हणणारेच.

सातपुड्यात वेगळं काय? पोर तापानं मेलं की भगत नाव काढतो. नाव निघतं एकट्या विधवेचं, जिच्या तुकडाभर जमिनीवर भाऊबंदांचा डोळा आहे तिचं. सावकाराचं नाव कधी निघालंय? जन्मावरून विटाळ ठरवणारी आणि बोट दाखवून डाकीण ठरवणारी अक्कल एकच.

20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात दाभोलकरांना गोळ्या घातल्या, तेव्हा कुठं त्या वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. 6 महिने ते 7 वर्षं कैद. पण कायदा आपल्या पायानं डोंगर चढत नाही. तक्रार द्यायला निघालेल्या बाईच्या बाजूला कोण उभं राहणार?

जयंतीच्या मिरवणुकीत रात्रभर नाचणारे पाय आहेत ना आपले? ते डोंगराकडं वळवा. जयभीम!