पीक नसलेल्या जमिनीचे खत

इंदूरच्या मल्हारगंजसारख्या जुन्या, दाटीने वसलेल्या भागात घरापुढची हिरवळ असलीच तर ती शे-दोनशे चौरस फुटांची असते. तिच्यासाठी आणला जाणारा युरिया मात्र एकरांच्या हिशेबाने भरलेल्या गोणीतून येतो, आणि हिरवळ करपण्याचे मूळ पुष्कळदा या दोन मापांच्या तफावतीत असते. युरियात 46 टक्के नत्र, म्हणजे पानांची वाढ करणारे अन्नद्रव्य, असते. हिरवळीला एका वेळी चौरस मीटरमागे पाच ग्रॅमपेक्षा अधिक नत्र देऊ नये हा सर्वसाधारण दंडक धरला, तर युरियाची मात्रा सुमारे दहा ग्रॅम आणि शंभर चौरस फुटांसाठी नव्वद ग्रॅमच्या आसपास ठरते. या हिशेबाने 45 किलोची एक गोणी एकराहून मोठ्या हिरवळीला एका वेळी पुरते. मात्रा याहून फार वाढली की मातीतील पाण्यात क्षारांचे प्रमाण मुळांतील रसापेक्षा अधिक होते, मुळांतले पाणी उलट बाहेर ओढले जाते आणि भरपूर पाणी घालूनही गवत वाळते.

मापापेक्षाही महत्त्वाचा भेद हिशेबाच्या पायातच आहे. बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो नत्राची जी शिफारस केली जाते, ती धान्य आणि भुसा शेताबाहेर जाणार हे गृहीत धरून, आणि तीही हप्त्यांनी देण्यासाठी असते; हिरवळीवरून मात्र बाजारात काहीच जात नाही, आणि कापलेले बारीक गवत जागच्या जागी कुजू दिले तर त्यातील नत्र मातीला परत मिळते. डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट) या खताच्या बाबतीत हा भेद अधिक ठळक होतो, कारण त्यात 18 टक्के नत्राबरोबर 46 टक्के स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, असते, आणि स्फुरद पाण्याबरोबर सहसा खोल झिरपत नसल्याने ते वर्षानुवर्षे मातीत साठत राहते. म्हणून माती परीक्षणात उणीव दिसल्याखेरीज ते हिरवळीला देण्याचे कारण उरत नाही.

युरिया द्यायचाच असेल, तर पावसाळ्याच्या आरंभी, जमीन वाफशावर असताना, म्हणजे ती ओलसर पण चिखल न होणारी असताना द्यावा. वजन केलेली मात्रा चाळलेल्या कोरड्या शेणखतात मिसळून निम्मी उभी आणि निम्मी आडवी फोकावी, म्हणजे ती एकाच जागी पडत नाही. पाने त्या वेळी कोरडी असावीत आणि लगेच हलके पाणी द्यावे, कारण माळव्याच्या अल्कधर्मी काळ्या मातीवर दाणे तसेच राहिल्यास नत्राचा काही भाग अमोनिया वायू होऊन हवेत जातो. मोठ्या पावसाच्या तोंडावर दिलेले खत गटारात वाहते, तेथून कान्ह नदीत आणि पुढे क्षिप्रेत पोहोचते, आणि शेवाळाला पोसते.

उरलेल्या खताचा धोका हिरवळीपुरता राहत नाही. युरियाचे दाणे साखरेसारखे पांढरे असतात, त्यामुळे ते स्वयंपाकघरातील डब्यात कधीही ठेवू नयेत. जंतुनाशक ब्लीचिंग पावडरीशी त्यांचा संपर्क आल्यास स्फोटक संयुग तयार होऊ शकते. गायीने सांडलेला युरिया चाटला तर तिच्या पोटात अमोनिया वेगाने तयार होऊन ती दगावू शकते. म्हणून खत टाकल्यानंतर लगेच कापलेले गवत गायीपुढे घालू नये.

मुळात इंदूरकरांना हिरवळीसाठी गोणीकडे वळावेच लागते असे नाही. 1924 ते 1931 या काळात येथील वनस्पती उद्योग संस्थेचे संचालक असलेले अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ढीग तीनदा परतवून, सुमारे तीन महिन्यांत कंपोस्ट करण्याची रीत बसवली. यशवंत वाड यांच्यासह 1931 मध्ये लिहिलेल्या ग्रंथातून ती जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणून ओळखली गेली. जमिनीतून घेतलेले जमिनीला परत करावे, हे हॉवर्ड यांच्या विचाराचे सूत्र हिरवळीला शेतापेक्षाही सहज लागू पडते, कारण तिच्यातून काही न्यायचेच नसते. ओला कचरा वेगळा काढण्याची सवय जडलेल्या या शहरात चाळलेल्या कंपोस्टाचा पातळ थर हा हिरवळीचा मुख्य आहार ठरावा. युरिया गवत खरोखर फिके पडले तरच, आणि तोही तोलून, वापरावा.