हमिंग येतंय? फिल्टर लगेच विकू नका

माझीच एक चूक सांगतो. वारणानगरातलं एक गिऱ्हाईक आलं, "होम थिएटरच्या अ‍ॅम्प्लिफायरला हमिंग येतंय." मी लगेच पॉवर फिल्टर गळ्यात मारला. मार्जिन चांगलं होतं ना! तिसऱ्या दिवशी साहेब डबा घेऊन परत.

मग त्यांच्या घरी गेलो. सेट-टॉप बॉक्सची छत्रीकडून आलेली केबल काढली, हमिंग गप्प. ग्राउंड लूप होता. ऑडिओ वायरमध्ये आयसोलेटर टाकला, काम झालं. फिल्टर मोटारीची, स्वस्त एलईडी ड्रायव्हरची वरच्या फ्रिक्वेन्सीची खरखर अडवतो. 50 हर्ट्झ तर तो सोडणारच, आपली वीजच तेवढ्याची आहे! (हमिंग घालवायला प्लगची अर्थिंग पिन काढणारे महाभाग भेटतील. शॉक बसू शकतो, हे कधीच करू नका.)

पंप सुरू झाल्यावर व्होल्टेज 230 वरून घसरत असेल तर स्टॅबिलायझर लागतो, तोही पुरेशा क्षमतेचा. नाहीतर बासच्या ठोक्याला अ‍ॅम्प्लिफायरची ताकदच कमी पडते. 'कंडिशनर' म्हणून येणाऱ्या डब्यात नेमकं काय आहे, हे डीलरला विचारूनच माल भरा. काहींत नुसता फिल्टर असतो.

"आवाज गोड होतो" म्हणून महागडा डबा खपवणं मला पटत नाही. अ‍ॅम्प्लिफायरच्या आतच वीज गाळणारे कपॅसिटर असतात.

त्या गिऱ्हाइकाला फिल्टरचे पैसे परत दिले. तपासणीचे दोनशे मात्र मागितले, त्यांनी कुरकुर न करता दिले. आता दुकानात तपासणीचा दर लिहूनच ठेवलाय.