न वाचता येणारी डिस्क रिकामी नसते

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नगरला आलेला मुलगा सोबत एक हार्ड डिस्क आणतो. आजीच्या वर्षीतपाच्या पारण्याचे चित्रीकरण, चातुर्मासातील प्रवचने, जुन्या छायाचित्रांच्या स्कॅन केलेल्या प्रती असा वर्षभर खपून जमविलेला ठेवा तीत असतो. मुलाचा संगणक ॲपलचा मॅक. कापडबाजारातील दुकानात वडिलांचा संगणक विंडोजचा, टॅलीच्या हिशेबासाठी घेतलेला. मुलगा बाहेर गेला असताना वडील कौतुकाने डिस्क जोडतात. पडद्यावर इंग्रजी सूचना उमटते : ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल, करायची काय? वडील ‘होय’ म्हणतात. डिस्क उघडते, पण ती कोरी असते.

असा प्रसंग कोणत्याही घरात घडू शकतो. यात यंत्र बिघडलेले नसते आणि डिस्कही सदोष नसते. संगणकाला एवढेच म्हणायचे असते की, ‘ही मांडणी मला वाचता येत नाही.’ सूचनेची भाषा मात्र अशी असते की, फॉरमॅट हीच पुढची पायरी आहे असे माणसाला वाटावे.

हा भेद जैन समाजाला समजण्यास अवघड नाही. षट्खंडागमावरील धवला टीकेची ताडपत्रे कर्नाटकातील मूडबिद्री येथे शतकानुशतके जपली गेली. भाषा प्राकृत व संस्कृत, लिपी मात्र जुनी कन्नड. नागरी लिपीच्या अभ्यासकाला भाषा येत असूनही ते पान वाचता येत नसे. नागरी लिप्यंतर झाले आणि १९३९ पासून डॉ. हीरालाल जैन यांच्या संपादनाखाली तिचे मुद्रित खंड अमरावतीहून प्रसिद्ध होऊ लागले. लिपी येत नाही म्हणून ती ताडपत्रे कोणी कोरी मानली नाहीत.

हार्ड डिस्कवरील मजकुराचीही अशीच एक ‘लिपी’ असते. विंडोजची प्रचलित मांडणी एनटीएफएस; मॅकची २०१७ पासूनची एपीएफएस. एनटीएफएस डिस्कमधील फाइली मॅकला वाचता येतात, परंतु जादा सोय केल्याविना तीवर काही लिहिता येत नाही. एपीएफएस डिस्क तर विंडोजला मुळीच वाचता येत नाही. जुनी फॅट३२ मांडणी दोघांनाही चालते. पण तीत एका फाइलला ४ जीबीची मर्यादा आहे, आणि प्रवचनाचे उत्तम प्रतीचे चित्रीकरण ती सहज ओलांडते.

दोघांनाही वाचता व लिहिता येईल अशी मांडणी म्हणजे एक्सफॅट. मायक्रोसॉफ्टने ती २००६ मध्ये आणली आणि २०१० पासून मॅकनेही ती स्वीकारली. नवी डिस्क घेताच, तीत काहीही भरण्यापूर्वी, ती एक्सफॅट करून घ्यावी. विंडोजवर डिस्कच्या चिन्हावर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट’मध्ये हा पर्याय मिळतो, मॅकवर ‘डिस्क युटिलिटी’तील ‘इरेज’मध्ये तो निवडावा आणि ‘स्कीम’ विचारल्यास ‘जीयूआयडी पार्टिशन मॅप’ म्हणावे. डिस्कमध्ये आधीच मजकूर असल्यास तो प्रथम अन्यत्र उतरवून, चार फाइली उघडून पाहाव्यात. कारण मांडणी बदलताना डिस्कवरील सर्व काही जाते.

एक्सफॅटची एक उणीव हिशेब ठेवणाऱ्यांच्या लगेच ध्यानात येईल. एनटीएफएसमध्ये चालू फेरफारांची जणू रोजकीर्द ठेवली जाते. मध्येच वीज गेली तरी तिच्या आधारे मेळ घालता येतो. एक्सफॅटमध्ये अशी रोजकीर्द नाही. म्हणून काम संपल्यावर ‘इजेक्ट’ केल्याशिवाय वायर कधीही ओढू नये. तसेच मॅकचा स्वतःचा ‘टाइम मशीन’ बॅकअप एक्सफॅट डिस्कवर होत नाही. त्यासाठी वेगळी डिस्क हवी. मॅकवरून आलेल्या डिस्कमध्ये विंडोजवर टिंबाने सुरू होणाऱ्या लहान लहान फाइली दिसतात. त्या मॅकने आपल्या सोयीसाठी केलेल्या नोंदी असतात, व्हायरस नव्हे.

आणखी एक अडचण मराठी घरांची खास आहे. डिस्क उघडते, फाइलही उघडते, पण अक्षरांऐवजी भलतीच चिन्हे दिसतात. वीस-पंचवीस वर्षांपूर्वी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले स्तवनसंग्रह, वंशावळी, निमंत्रणपत्रिका यांची ही गत होते. ज्या संगणकात तो फॉन्ट आहे तेथेच त्यांची पीडीएफ प्रत करून ठेवावी आणि नवे लेखन युनिकोडमध्ये करावे.

चुकून फॉरमॅट झालेच तर? डिस्क त्याच क्षणी काढावी. तीवर एकही नवी फाइल लिहू नये. झटपट फॉरमॅटमध्ये बहुधा वहीची अनुक्रमणिका फाटते, आतील पाने काही काळ शिल्लक असतात. माहितगार तंत्रज्ञाला त्यांतील बरेचसे परत मिळविता येते. मात्र त्याची हमी नाही, आणि एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये आशा आणखी कमी. पारण्याचे ते चित्रीकरण पुन्हा होणार नसते. म्हणून अशा ठेव्याच्या दोन प्रती दोन गावी असाव्यात, एक नगरला व एक पुण्याला.

कार्तिक शुद्ध पंचमीला, ज्ञानपंचमीस, ग्रंथभांडारातील पोथ्या बाहेर काढून, झटकून, तपासून पुन्हा बासनात बांधण्याची परंपरा आहे. दिगंबर परंपरेत ज्येष्ठ शुद्ध पंचमीस श्रुतपंचमी पाळतात. यंदा त्या दिवशी घरातील हार्ड डिस्कही कपाटातून काढावी. दोन्ही संगणकांवर ती उघडते का ते पाहावे, दुसरी प्रत अद्ययावत करावी आणि डिस्कवर एक चिठ्ठी चिकटवावी : ‘एक्सफॅट. फॉरमॅट विचारल्यास नाही म्हणा.’ ही चिठ्ठी मराठीत असावी, म्हणजे घरातील सर्वांना वाचता येईल.