वादळी हंगामातील सागरसफर : स्वस्त तिकिटाची खरी किंमत

विशेष प्रतिनिधी

कोकण किनाऱ्यावर वाढलेल्या माणसाला पावसाळ्यात समुद्रात जावे की नाही, हा प्रश्न सहसा पडत नाही. व्यवस्थेने आणि परंपरेने तो आधीच सोडविलेला असतो. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारीला बंदी असते. गेटवे ऑफ इंडिया ते मांडवा मार्गावरील लाँच पावसाळ्यात थांबतात आणि नारळी पौर्णिमेला सागराला नारळ अर्पण केल्यानंतरच होड्या पाण्यात लोटण्याची रीत आहे. अटलांटिक महासागराच्या पश्चिम भागात, म्हणजे फ्लोरिडा, बहामा आणि कॅरिबियन बेटांच्या परिसरात, स्थिती नेमकी उलट आहे. तेथे १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत हंगाम मानला जातो. परंतु या सहाही महिन्यांत क्रूझ जहाजे प्रवासी घेऊन सुटतच असतात. उलट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तिकिटांचे दर उतरतात आणि सवलतींच्या जाहिराती वाढतात. जावे की न जावे, हा निर्णय पूर्णतः प्रवाशावर सोपविलेला असतो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपुढे हा निर्णय दर वर्षी येतो. मुलांच्या शाळांना सुटी असते तेव्हाच बहुधा मायदेशातून आई-वडील काही महिन्यांच्या मुक्कामासाठी आलेले असतात. तीन पिढ्या एकत्र असण्याचा योग वारंवार येत नाही. सामान एकदाच उघडायचे, रोज हॉटेल बदलायचे नाही, ज्येष्ठांना फार चालावे लागत नाही, या सोयींमुळे क्रूझचा पर्याय पुढे येतो. न्यू जर्सीतील बायोन येथून बर्म्युडा व बहामा, फ्लोरिडातून कॅरिबियन बेटे, तर टेक्सासमधील गॅल्व्हेस्टन येथून मेक्सिको अशा सफरी निघतात. मग घरात चर्चा सुरू होते आणि पहिला प्रश्न विचारला जातो तो जहाजाच्या सुरक्षिततेचा. हा प्रश्न स्वाभाविक असला, तरी निर्णयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा नव्हे.

हंगामाचे गणित

अमेरिकेच्या हवामान यंत्रणेच्या १९९१ ते २०२० या काळातील सरासरीनुसार अटलांटिकमध्ये वर्षाला नाव दिलेली १४ वादळे निर्माण होतात. त्यांपैकी सात हरिकेनच्या, म्हणजे ताशी ११९ किलोमीटर वा त्याहून अधिक वेगाच्या पातळीला पोहोचतात, तर तीन अतितीव्र ठरतात. सहा महिन्यांचा धोका मात्र समान वाटलेला नसतो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वाधिक सक्रिय असतो आणि १० सप्टेंबरच्या सुमारास या हंगामाचा कळस मानला जातो. दर सर्वांत कमी असतात तेही याच दिवसांत, हा योगायोग नव्हे. शाळा सुरू झाल्याने मागणी घटते हे त्याचे एक कारण, आणि हवामानाची अनिश्चितता हे दुसरे.

जून आणि जुलैचा पूर्वार्ध तुलनेने शांत असतो. परंतु 'तुलनेने' या शब्दाचा अर्थ २०२४ मध्ये बेरिल वादळाने दाखवून दिला. ग्रेनाडाच्या कॅरिआकू बेटाला १ जुलै रोजी तडाखा देऊन ते लगेचच पाचव्या, म्हणजे सर्वोच्च श्रेणीला पोहोचले. अटलांटिकमध्ये इतक्या लवकर ही श्रेणी गाठणारे नोंदींमधील ते पहिलेच वादळ होते. दुसऱ्या टोकाला, २८ ऑक्टोबर २०२५ रोजी मेलिसा वादळ जमैकावर आदळले, ते पाचव्या श्रेणीतच आणि ताशी सुमारे २९५ किलोमीटर वेगाने.

२०२५ चा हंगाम आणखी एका कारणासाठी लक्षात ठेवावा लागेल. त्या वर्षी हरिकेनची संख्या पाच, म्हणजे सरासरीपेक्षा कमी होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तर एकही हरिकेन धडकले नाही. तथापि, या पाचांपैकी एरिन, हम्बर्टो आणि मेलिसा ही तीन वादळे पाचव्या श्रेणीपर्यंत गेली. हंगामापूर्वी जाहीर होणारे 'यंदा वादळे कमी' किंवा 'यंदा जास्त' हे अंदाज विमा कंपन्यांना आणि सरकारांना उपयोगी पडतात. विशिष्ट आठवड्यात विशिष्ट बंदरातून निघणाऱ्या कुटुंबाला त्यातून फारसे काही कळत नाही.

जहाज हलू शकते, बंदर नाही

आधुनिक क्रूझ जहाज ताशी २० ते २२ सागरी मैल, म्हणजे सुमारे ३७ ते ४० किलोमीटर वेगाने जाऊ शकते. वादळाचे केंद्र बहुधा त्याच्या निम्म्या वेगाने सरकते. मायामी येथील राष्ट्रीय हरिकेन केंद्र पाच दिवसांपर्यंतच्या मार्गाचा अंदाज देते आणि नवी वादळे कोठे तयार होऊ शकतात, याची चाहूल सात दिवस आधी देते. या माहितीच्या आधारे जहाजाचा कप्तान वादळाला वळसा घालतो. पूर्व कॅरिबियनमधील सेंट मार्टिन-सेंट थॉमसऐवजी पश्चिमेकडील कोझुमेलकडे मोर्चा वळवितो. त्यामुळे मोठे प्रवासी जहाज वादळाच्या गाभ्यात सापडण्याचा प्रसंग आजच्या काळात अत्यंत विरळा आहे.

सागराने घेतलेले बळी पाहिले, तर त्यांत प्रवाशांपेक्षा खलाशीच दिसतात. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये मिच वादळाच्या वेळी 'फँटम' या शिडाच्या पर्यटन जहाजाने आपले प्रवासी बेलीझ सिटीला सुखरूप उतरविले आणि नंतर वादळापासून दूर जाण्याच्या प्रयत्नात ते ३१ खलाशांसह नाहीसे झाले. २०१५ मध्ये बहामाजवळ होआकिन वादळात 'एल फारो' हे मालवाहू जहाज बुडून ३३ जणांचा मृत्यू झाला. हवामानाच्या जुन्या माहितीवर विसंबल्याचा मुद्दा तेथील चौकशीत पुढे आला. आज या जहाजांवर राबणाऱ्यांत गोव्यातील आणि महाराष्ट्रातील तरुणही आहेत. सफर लांबली की प्रवाशाची सुटी वाढते, त्यांचे श्रम वाढतात.

जहाज सुरक्षित राहते ते त्याला हलता येते म्हणून. बंदराला ती सोय नाही. वादळ जवळ येऊ लागले की अमेरिकी तटरक्षक दल टप्प्याटप्प्याने इशारे देते आणि सोसाट्याचे वारे १२ तासांवर आले की 'झुलू' हा अंतिम टप्पा जाहीर होऊन बंदराची वाहतूक थांबते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वे वादळामुळे गॅल्व्हेस्टन बंदर बंद झाले, तेव्हा हजारो प्रवासी मेक्सिकोच्या आखातात जहाजांवरच अडकून पडले. काही जहाजांनी न्यू ऑर्लिन्स गाठले, पण प्रवाशांच्या मोटारी गॅल्व्हेस्टनच्या वाहनतळावर आणि अनेकांची घरे पुराने वेढलेल्या ह्यूस्टनमध्ये होती. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मिल्टन वादळाने फ्लोरिडातील बंदरे आणि टॅम्पा व ओरलँडोचे विमानतळही बंद पाडले. जहाजावर जेवण-खाण मिळत राहते, करमणुकीचे कार्यक्रमही होतात. पण सोमवारची कचेरी, मुलांची शाळा आणि मुंबईचे विमान थांबत नाही.

ज्या बेटांवर उतरायचे त्यांचीही हीच स्थिती. २०१७ मध्ये अर्मा आणि मारिया या लागोपाठच्या वादळांनंतर सेंट मार्टिन आणि सेंट थॉमस येथे अनेक आठवडे जहाजे जाऊ शकली नाहीत. २०१९ च्या सप्टेंबरमध्ये डोरियन वादळाने बहामातील अबाको व ग्रँड बहामा बेटे उद्ध्वस्त केली. वादळ शमले तरी माहितीपत्रकातले बेट जागेवर असेलच, याची शाश्वती राहत नाही.

कराराची बारीक अक्षरे

खरा प्रश्न येथे सुरू होतो. या अनिश्चिततेचा भार कोणी उचलायचा, हे तिकिटामागील करारात लिहिलेले असते. मार्ग बदलण्याचा, एखादे बंदर वगळण्याचा, सफर लांबविण्याचा वा आखडण्याचा अधिकार बहुतेक कंपन्या स्वतःकडे राखून ठेवतात. वगळलेल्या बंदराचे शुल्क सहसा परत मिळते. बहामाऐवजी दोन दिवस नुसता समुद्र पाहावा लागला, याची भरपाई मिळत नाही. अमेरिकी बंदरातून सुटणारी सफर रद्द झाली किंवा तिला तीन वा अधिक दिवसांचा विलंब झाला, तर प्रवाशाला पैसे परत मागता येतात, असा फेडरल मेरिटाइम कमिशनचा २०२२ चा नियम आहे. परंतु कंपनीने सफर रद्द केली नाही आणि प्रवाशाने भीतीपोटी माघार घेतली, तर तो नियम त्याच्या कामी येत नाही.

प्रवासविम्याविषयीही गैरसमज आढळतात. वादळाला नाव मिळाले की विम्याच्या दृष्टीने ते 'ज्ञात संकट' ठरते. त्यानंतर घेतलेला विमा त्या वादळापुरता निरुपयोगी असतो. दूरचित्रवाणीवर उपग्रहाचे चित्र दिसू लागल्यावर विमा शोधणाऱ्याला म्हणूनच उशीर झालेला असतो. कोणत्याही कारणाने सफर रद्द करण्याची मुभा देणारा विमा मिळतो. पण तो पहिली रक्कम भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांत घ्यावा लागतो, महाग पडतो आणि बहुधा ५० ते ७५ टक्केच रक्कम परत देतो. सवलतीच्या तिकिटात ही रक्कम मिळवून पाहिली, तर स्वस्ताई बरीचशी आटते.

ज्येष्ठ, औषधे आणि व्हिसा

मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी दोन बाबी विचारात घ्याव्या लागतात. पहिली, सोबतच्या ज्येष्ठांची प्रकृती. वादळ शेकडो किलोमीटर दूर असले तरी त्याच्या लाटा जहाजापर्यंत पोहोचतात. तरुणांना त्याने मळमळते. पण गुडघेदुखीने वा तोल जाण्याच्या विकाराने त्रस्त सत्तरीच्या गृहस्थांसाठी हलणारी जमीन हा पडण्याचा धोका असतो. जहाजावर दवाखाना असतो, रुग्णालय नसते. आणि खराब हवामानात रुग्णाला हेलिकॉप्टरने हलविणे दुरापास्त होते. भारतातून येताना घेतलेल्या विम्यात क्रूझचा समावेश आहे काय, जुन्या आजारांचे काय, हे आधी तपासणे अगत्याचे आहे. मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे पाच दिवसांच्या सफरीला पाचच दिवसांची नेणे, हे या हंगामात धाडसाचे ठरते.

दुसरी बाब कागदपत्रांची. आई-वडिलांचा व्हिसा अनेकदा प्रवेशाची मुभा देणारा असला पाहिजे, हे बहुतेकांना ठाऊक असते. नोकरीच्या व्हिसावरील मुलांची अडचण अधिक सूक्ष्म आहे. पारपत्रावरील व्हिसाची मुदत संपलेली असली, तरी मुक्कामाची परवानगी वैध असल्यास केवळ मेक्सिको वा कॅनडात ३० दिवसांपर्यंत जाऊन परतण्याची सवलत काही अटींवर मिळते. कॅरिबियन बेटांसाठी ही सवलत विद्यार्थी व विनिमय व्हिसापुरतीच आहे. आता केवळ मेक्सिकोची म्हणून निवडलेली सफर वादळामुळे बहामाकडे वळली, तर एच-१बी व्हिसाधारकाची ही सवलत धोक्यात येऊ शकते. जहाजाचा मार्ग कप्तान बदलतो. परतीच्या दारात उत्तर मात्र प्रवाशाला द्यावे लागते. अशा स्थितीतील कुटुंबाने वकिलाचा सल्ला घेतल्याविना या हंगामात निघू नये.

निर्णयाची कसोटी

या सर्वांचा अर्थ वादळी हंगामात क्रूझला जाऊच नये, असा नाही. या काळातील बहुतांश सफरी ठरल्याप्रमाणे किंवा थोड्याफार बदलाने पार पडतात. प्रश्न आहे तो कुटुंबाच्या हाती किती सैलपणा आहे, याचा. परतीनंतर दोन-तीन दिवसांची रजा शिल्लक आहे, मायदेशी परतणाऱ्यांचे विमान दोन आठवड्यांनंतरचे आहे, कोणत्या बेटावर उतरतो याला महत्त्व नाही, सर्वांचे कागद व्यवस्थित आहेत आणि प्रकृती ठणठणीत आहे, असे कुटुंब सप्टेंबरातील सवलत बिनदिक्कत घेऊ शकते. त्यांनीही बंदराच्या गावी एक दिवस आधी पोहोचावे आणि मोटार सखल भागात उभी करू नये. फ्लोरिडा वा टेक्सासच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी तर आपण समुद्रात असताना वादळ घरावर आले तर दारे-खिडक्या कोण बंद करणार, याचीही सोय लावून निघावे.

यांपैकी दोन-तीन गोष्टी जुळत नसतील, तर पर्याय आहेत. जूनच्या पूर्वार्धात धोका कमी असतो. अरुबा, बोनेअर व कुरासाव ही दक्षिणेकडील बेटे वादळांच्या नेहमीच्या पट्ट्याबाहेर येतात. अर्थात तेथपर्यंतचा मार्ग त्या पट्ट्यातूनच जातो. अलास्काच्या सफरी मे ते सप्टेंबर या काळात चालतात आणि तेथे अटलांटिकच्या वादळांचा संबंध येत नाही. आई-वडील हिवाळ्यापर्यंत थांबणार असतील, तर डिसेंबरात वादळांचा हंगाम सरलेला असतो, मात्र नाताळच्या आठवड्यात दर चढे असतात.

मोठ्या वादळांची तीव्रता झपाट्याने वाढण्याचे प्रसंग अलीकडे ठळकपणे समोर येत आहेत. मिल्टन साध्या वादळातून पाचव्या श्रेणीत गेले ते साधारण दीड दिवसात. अंदाजांची अचूकता वाढली असली, तरी पाचव्या दिवशी केंद्र नेमके कोठे असेल, यात आजही सरासरी तीनशे-चारशे किलोमीटरचा फरक पडतो. म्हणजे शनिवारी निघणाऱ्या कुटुंबाला सोमवारी मिळणारे उत्तर 'कदाचित' असेच असणार. त्या 'कदाचित'ची किंमत तिकिटावर छापलेली नसते. ती परवडते काय, याचा हिशेब पैसे भरण्यापूर्वी घरीच, आजी-आजोबांना सोबत बसवून करावा लागतो. वादळाला नाव मिळाल्यानंतर त्या हिशेबाला अर्थ उरत नाही.