‘वजन’ आणि वशिला
हरिशंकर परसाई यांच्या ‘भोलाराम का जीव’ या कथेतील भोलाराम जबलपूरच्या घमापूर मोहल्ल्यातला. त्याच्या पेन्शनची फाईल ‘वजना’वाचून हलत नाही, अखेर नारदाची वीणाच तीवर ठेवली जाते. ही केवळ लाचेची कथा, असे मानून मराठी वाचक निर्धास्तपणे हसतो. परंतु मराठीत ‘वजन’ या शब्दाचा एक रूढ अर्थच प्रभाव असा आहे. परवान्यासाठी पैसे चारणाऱ्यास समाज हीन लेखतो. मंत्र्याकडे वजन खर्च करणाऱ्याचे मात्र कौतुक करतो. १९७४ मध्ये लोकसभेत गाजलेल्या आयात-परवाना प्रकरणातील निवेदनावर २१ खासदारांच्या सह्या होत्या. त्यांतील बहुतेकांनी त्या नाकारल्या. खोटी करावी इतके मोल सहीला आले होते! १९९१ नंतर बहुसंख्य उद्योगांवरील परवान्याचे बंधन गेले. वाळूचे, मद्याचे, जमिनीच्या वापराचे उरले. लाच निदान लपवावी लागते. वशिला मिरवता येतो. ज्याच्यापाशी ना वीणा ना वशिला, त्याचा हक्क फायलीतच अडकून पडतो. त्याला विसरून परसाईंना हसणे म्हणजे त्यांची कथा न वाचणेच होय.