वाघाचे शव आणि टोल्यावरची कोंबडी

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. जानेवारी २०२५ मध्ये भोपाळच्या प्रयोगशाळेचे निदान आले : एच५एन१, म्हणजेच बर्ड फ्लू. खाद्यातील कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी, असा संशय व्यक्त झाला. वाघ मेला की नमुने भोपाळला जातात, हे योग्यच आहे. परंतु गडचिरोलीतील एखाद्या टोल्यावर एका रात्रीत दहा कोंबड्या माना टाकतात, तेव्हा त्याची नोंद कोण घेतो?

उणीव ज्ञानाची नाही. घाटसर्प, फऱ्या, बुळकांडी, मानमोडी ही नावे प्रयोगशाळेत जन्मलेली नाहीत. ती जनावरांबरोबर राहणाऱ्या माणसांनी लक्षणे पाहून ठेवली. १९५७ साली कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली आणि माणसे तापाने फणफणली. गावकऱ्यांनी त्या तापाचे नाते माकडांशी जोडले. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने त्यामागचा विषाणू शोधला. दोन्ही ज्ञाने एकत्र आली, म्हणून रोग उलगडला.

तथापि लोकज्ञानाचे देव्हारे माजवण्याचे कारण नाही. काळपुळीने मेलेले जनावर फाडले की जंतू बीजाणूंचे रूप घेतात, आणि ते साध्या शिजवण्याने खात्रीने मरत नाहीत. बर्ड फ्लूचा विषाणू नीट शिजवल्याने मरतो. पण धोका असतो तो त्याआधी, पिसे काढताना आणि कापताना. हे डोळ्यांना दिसत नाही. तेथे पशुवैद्यकच हवा.

मग अडते कोठे? अर्थकारणात. २००९ च्या केंद्रीय कायद्याने रोगाची खबर देणे पशुपालकावर बंधनकारक केले. पण भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्यांची, आधीच मेलेल्यांची नव्हे. रानात मेलेले डुक्कर दिसले, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीचा आळ आपल्यावरच येईल, या धास्तीने आदिवासी तोंड मिटून घेतो. आजारी कोंबडी मरण्यापूर्वीच हंडीत जाते ती अज्ञानामुळे नव्हे. ती फेकून देणे त्या घराला परवडत नाही म्हणून. खबरीचा सारा खर्च ज्याच्या माथी, त्याला मौनाबद्दल दोष कसा द्यावा?

नागपुरात १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालयही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने वन्यजीवांच्या रक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. या दोन टोकांना जोडणारा दुवा तेवढा नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी तीन मागण्या लावून धराव्यात : मेलेल्या कोंबडीचीही भरपाई तत्काळ मिळावी; खबर देणाऱ्याला गुन्हेगार मानू नये; आणि नमुन्याचा निकाल ग्रामसभेला तिच्या बोलीत कळवावा. टोल्यावरच्या कोंबडीची खबर वेळेवर पोहोचली, तर वाघही वाचेल आणि माणूसही.