संघाला शरण, पण सभेला गैरहजर!



प्रत्येक भीमजयंतीला आणि प्रत्येक धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण सहकुटुंब त्रिशरण घेतो. बुद्ध आणि धम्म यांच्यामागून तिसरे शरण संघाचे. ते उच्चारताना आपल्या मेळाव्यांत लहानथोर सारेच हात जोडून उभे असतात. त्याच मेळाव्यांतील परिचारिकांना, निवासी डॉक्टरांना, प्राध्यापकांना, शिक्षकांना आणि सरकारी खात्यांतील अभियंत्यांना आम्ही एक साधा प्रश्न विचारू इच्छितो. आपल्या नोकरीच्या ठिकाणी जो संघ आहे, ज्याला येथे ‘युनियन’ म्हणतात, त्याच्या शेवटच्या सभेला आपण हजर होता काय?

या प्रश्नावर मिळणारी उत्तरे ठरलेली आहेत. ती एकेक करून तपासली पाहिजेत.

पहिले उत्तर असे, की आम्ही शिकलेसवरलेले व्यावसायिक. युनियन हे गिरणीकामगारांचे काम. हे उत्तर देणाऱ्याने बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेकडे पाहावे. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब आपल्या या पार्सिपनीहून तासाभराच्या अंतरावरील कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ज्यांच्या विचारांचा ठसा त्यांनी जन्मभर बाळगला, ते प्रा. जॉन ड्युई १९१५ साली स्थापन झालेल्या ‘अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स’ या संघटनेचे पहिले अध्यक्ष होते. त्याच संघटनेचे नाव लावणाऱ्या, आपल्या राज्यातील रटगर्स विद्यापीठाच्या अध्यापकांनी १० एप्रिल २०२३ रोजी संप केला. विद्यापीठाच्या २५७ वर्षांच्या इतिहासातील अध्यापकांचा तो पहिला संप होता आणि त्यात वैद्यकीय विद्याशाखांची संघटनाही सामील होती. बाबासाहेबांच्या गुरूंना संघटनेत कमीपणा वाटला नाही, तो आपल्याला का वाटावा?

दुसरे उत्तर भीतीचे आहे. ‘आम्ही व्हिसावर आलेली माणसे, आम्ही पुढे कसे येणार?’ ही भीती खोटी नाही, आणि तिची चेष्टा करण्याचा अधिकार ग्रीन कार्ड मिळालेल्यांना मुळीच नाही. पण कायदाही जाणून घ्यावा. तात्पुरत्या व्हिसावरील कर्मचाऱ्यालाही युनियनचा सभासद होता येते. एच-१बी व्हिसासाठी अर्ज करताना, त्या कामाच्या ठिकाणी त्या व्यवसायात संप किंवा टाळेबंदी चालू नाही, असे मालकाला लिहून द्यावे लागते. आपल्याला संपफोडे म्हणून वापरता येऊ नये, याची तजवीज कायद्याने केली आहे. जो हक्क आपण वाचलेलाच नाही, त्याच्या अभावाबद्दल भिण्यात काय अर्थ?

तिसरे उत्तर सर्वांत सोयीचे आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे : ‘आपण गेलो नाही तरी फायदे मिळतातच.’ हे खरे आहे. या देशाच्या कायद्याप्रमाणे, बहुमताने निवडलेल्या युनियनला त्या गटातील प्रत्येक कर्मचाऱ्याचे, सभासद असो वा नसो, प्रामाणिकपणे प्रतिनिधित्व करावे लागते. २०१८ च्या जेनस निकालानंतर तर सरकारी नोकरीतील बिगरसभासदाकडून छदामही वसूल करता येत नाही. म्हणजे पंगतीत बसायचे, जेवायचे, पण चुलीला लाकूड घालायचे नाही, ही सोय आता कायदेशीर झाली आहे. परंतु लाकूड घालणारे उरले नाहीत, तर पंगत किती दिवस बसेल? १९८३ साली अमेरिकेतील नोकरदारांपैकी सुमारे २० टक्के युनियनचे सभासद होते. २०२४ साली ते प्रमाण १० टक्क्यांच्याही किंचित खाली गेले होते.

फायदे आपोआप मिळतात, असे म्हणणाऱ्यांनी न्यू ब्रन्सविकच्या रॉबर्ट वुड जॉन्सन विद्यापीठ रुग्णालयातील परिचारिकांना विचारावे. सुमारे १७०० परिचारिका ४ ऑगस्ट २०२३ रोजी संपावर गेल्या आणि डिसेंबरात कामावर परतल्या. मुख्य प्रश्न होता, एका परिचारिकेकडे किती रुग्ण असावेत याचा. रात्रपाळीत एकीकडे जास्तीचे रुग्ण सोपवले की काय होते, हे आम्हां डॉक्टरांना कोणी सांगावे लागत नाही. तो आकडा करारात लिहून घेण्यासाठी चार महिने रस्त्यावर उभे राहावे लागले. तो आकाशातून पडला नाही.

आता आपल्या वर्मावरच बोट ठेवू. या देशात जात हा भेदभावाचा आधार म्हणून लेखी मान्य व्हावा, यासाठी आपला समाज गेली कित्येक वर्षे झटत आहे. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने केलेले विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नाकारले. पण त्यापूर्वीच, २०२१ साली, हार्वर्डमधील पदव्युत्तर विद्यार्थी-कर्मचाऱ्यांच्या युनियनने आपल्या करारात जातीचा उल्लेख करून घेतला होता. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या २३ परिसरांसाठी जातीय भेदभावास मनाई जाहीर केली, तेव्हा तेथील प्राध्यापकांची युनियन त्या मागणीच्या पाठीशी उभी होती. राज्यपालाच्या सहीने जे अडले, ते सभेच्या टेबलावर साधले. का? कारण कोणीतरी कंटाळवाण्या सभेत शेवटपर्यंत बसले, मागणी मांडली आणि मसुद्यात शब्द घालून घेतला.

उलट उदाहरणही आपल्या आजोबा-पणजोबांच्या आयुष्यातले आहे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विटाळ होतो, हे त्याचे कारण! अधिक मजुरीचे ते खाते बंद असताना कामगारांच्या एकजुटीच्या घोषणा मात्र बुलंद होत्या. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपनेत्यांपुढे आग्रहाने ठेवला. बाबासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला, फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद घेतली, त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्धच्या संपात उतरले आणि पुढे मजूरमंत्री म्हणून १९४३ साली युनियनला मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. धडा स्पष्ट आहे. सभेत जो नाही, त्याचे दुःख मागणीपत्रात नाही.

इथवर वाचून युनियनचे पदाधिकारी असलेले आमचे मित्र खूश झाले असतील. त्यांनी घाई करू नये. सभासदांची उदासीनता हे नेत्यांचे आवडते निमित्त आहे. ‘लोक येतच नाहीत हो!’ असे सुस्कारा टाकून म्हणायचे आणि रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने हवे ते ठराव मंजूर करून घ्यायचे, ही रीत आपल्या ओळखीची आहे. रुग्ण औषध घेत नाही, एवढे लिहून वैद्य मोकळा होत नाही. का घेत नाही, हे शोधणे त्याचेच काम. सभा ठेवायची ती रात्रपाळी सुरू होण्याच्या वेळेला. विषयपत्रिका पाठवायची ती आदल्या संध्याकाळी. वाटाघाटी चालवायच्या त्या बंद दाराआड आणि चारशे जणांच्या करारावर सह्या घ्यायच्या ओळखीच्या चौघांच्या! अशा सभेला लोक आले नाहीत, तर नवल कसले? खासगी क्षेत्रातील युनियनांसाठी १९५९ च्या कायद्याने हिशेब सादर करणे, सभासदाला बोलण्याचे स्वातंत्र्य देणे आणि स्थानिक शाखेत निदान तीन वर्षांतून एकदा गुप्त मतदानाने निवडणूक घेणे बंधनकारक केले आहे. कायदा एवढे करू शकतो. विश्वास निर्माण करणे हे नेत्याचे काम आहे, कारण खुर्ची त्याने मागून घेतली आहे.

सप्टेंबर १९४३ मध्ये दिल्लीत कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरात बाबासाहेबांनी श्रमिक वर्गाच्या पदरात दोन दोष घातले. आपल्या जीवनाला वळण देणारे ग्रंथ त्यांनी वाचले नाहीत आणि सत्ता हाती घेण्याची आकांक्षा बाळगली नाही. तेच बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत विभूतिपूजेविरुद्ध बजावून गेले. त्याच भाषणात त्यांनी आठवण करून दिली, की सभेचे नियम भारताला नवे नाहीत. गणपूर्ती, ठराव आणि गुप्त मतदान भिक्खू संघाला ठाऊक होते.

विनयपिटकात उपोसथाचा नियम आहे. आजारी भिक्खू सभेला येऊ शकत नसेल, तर त्याने आपल्या परिशुद्धीची ग्वाही दुसऱ्या भिक्खूबरोबर पाठवावी. तेही जमत नसेल, तर त्याला बिछान्यासह उचलून सभेत आणावे. आणि त्याला हलवल्याने आजार बळावेल असे शुश्रूषा करणाऱ्यांना वाटले, तर संघाने त्याच्यापाशी जावे. अपुऱ्या संघाने उपोसथ करू नये. आम्ही वैद्यक शिकलो, पण सभासद आणि नेता या दोघांच्याही दुखण्यावर याहून नेमके औषध आमच्या पाहण्यात नाही. सभासदाला गैरहजेरीची मुभा नाही आणि नेत्याला त्याच्यावाचून पुढे जाण्याची मुभा नाही.

म्हणून आमची मागणी दोघांकडेही आहे. सभासदांनी कार्ड भरावे, आपला करार एकदा तरी अथपासून इतिपर्यंत वाचावा, तीन महिन्यांतून एका सभेला जावे आणि बोलावे. चौकशीसाठी वरिष्ठांनी बोलावले आणि त्यातून शिक्षेची शक्यता दिसली, तर युनियनचा प्रतिनिधी सोबत मागण्याचा हक्क १९७५ पासून मान्य आहे, हे परिचारिका असलेल्या प्रत्येक भगिनीला ठाऊक असावे. नेत्यांनी रात्रपाळीच्या दारापर्यंत चालत जावे, हिशेब न मागता द्यावा आणि आपल्या जागी बसू शकेल असा माणूस तयार करावा. जो नेता वारस घडवीत नाही, त्याला संघटना नको असते, गर्दी हवी असते. आणि ही कसोटी केवळ युनियनला लावून थांबू नये. ही स्मरणिका ज्यांच्या हाती पडेल, त्या आपल्या मंडळांनाही ती लावून पाहावी.

‘संघटित व्हा’ ही आज्ञा आहे. ती भिंतीवरच्या तसबिरीखाली लिहिण्यासाठी दिलेली नाही. पुढल्या सभेची तारीख विचारण्यासाठी दिलेली आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!

पार्सिपनी, न्यू जर्सी